‘पसंत नाही पडली तर बदलून देऊ’ : ठाण्यातल्या एका ब्यूरोचा अनुभव

सासूबाई ८४ वर्षांच्या. जूनमध्ये न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण घरी आणल्यावर त्यांना रात्री उठवायला-बसवायला माणूस हवं झालं. ह्यांचे गुडघे दुखरे, माझी कंबर तशीच, मुलगा-सून बंगळुरूला. पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत चार घरांत २४ तासांच्या बायका आहेत. तिथे चौकशी केली तेव्हा दोघींनी एकाच ब्यूरोचं नाव सांगितलं. हे त्या ब्यूरोबद्दल. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण पोलिसांत आहे. शिवाय पाटी बदलली की अशा ठिकाणाचं नाव बदलतं, पद्धत तीच राहते, आणि मला पद्धतीबद्दलच सांगायचं आहे.

ऑफिस स्टेशनच्या पश्चिमेला, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. खोली स्वच्छ, टेबलावर जाड रजिस्टर, भिंतीवर गुमास्ता फ्रेम करून लावलेला, शेजारी दत्ताची तसबीर. बोलणारा माणूस पस्तिशीतला, अतिशय नम्र. पहिल्या दिवशी मला ‘मॅडम’ म्हणाला, दुसऱ्या दिवसापासून ‘काकू’. त्या गुमास्त्याकडे बघून मला बरं वाटलं होतं. आता कळतं की गुमास्ता म्हणजे फक्त धंदा सुरू केल्याची नोंद. आत बसून माणसं कुठून आणतात आणि कशी आणतात, याची तपासणी त्यात नसते. झारखंड आणि छत्तीसगडमध्ये घरकामाला माणसं पुरवणाऱ्या एजन्सींसाठी वेगळा कायदा आहे, परवाना घ्यावा लागतो. फ्रेममधल्या त्या कागदाला मी तसाच परवाना समजून बसले.

दर असे होते. नोंदणी ४,००० रुपये, परत मिळणार नाहीत. अनुभवी बाई, २४ तास, महिना २४,०००. ‘नवीन मुलगी’ असेल तर १५,०००. पैसे बाईच्या हातात द्यायचे नाहीत, दर महिन्याच्या ५ तारखेला ब्यूरोच्या खात्यात भरायचे. आणि ११ महिन्यांत तीन वेळा बदली मोफत. ‘पसंत नाही पडली तर बदलून देऊ काकू, एक दिवसाचा खाडा होणार नाही.’ घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असताना हे वाक्य किती आधाराचं वाटतं, ते ज्यांच्या घरी असं आजारपण आहे त्यांना सांगायला नको. मी लगेच पैसे भरले. पावती मात्र मागून घेतली. आयुष्यभराची सवय.

पहिली बाई पन्नाशीची, मुरबाडकडची, हात चांगला. सासूबाईंना कुशीवर वळवताना बोलत राहायची, त्यामुळे त्यांना दुखणं कमी जाणवायचं. सून बाळंत झाली म्हणून अकराव्या दिवशी गेली. जाताना तिनं सहज सांगितलं की २४,००० मधले तिच्या हातात १३,००० पडतात, तेही महिना उलटून गेल्यावर. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. रात्रीचं कोण बघणार या काळजीत मी थांबले नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी संध्याकाळी तो स्वतः रिक्षातून मुलीला घेऊन आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन ड्रेस, एक टॉवेल. मोबाइल नाही. आधारची झेरॉक्स दिली, त्यावर जन्मतारीख १ जानेवारी २००६. म्हणजे १९ वर्षांची. मूळ आधार? ‘ते ऑफिसला असतं काकू, हरवतात या मुली.’ पोलिस व्हेरिफिकेशनचा म्हणून एक कागद होता, शिक्का होता, पण कुठल्या पोलिस ठाण्याचा ते वाचता येत नव्हतं. आणि जिन्यापर्यंत जाऊन तो मागे वळून म्हणाला, ‘दिवाळीपर्यंत सुट्टी मागणार नाही. घरी ॲडव्हान्स दिलेला आहे, तुम्ही निर्धास्त राहा.’ हे तो सोय म्हणून सांगत होता.

मी ३१ वर्षं शहापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. त्यातली बरीचशी पाचवी ते सातवीच्या वर्गांवर गेली. अकरा, बारा, तेरा वर्षांच्या मुली कशा उभ्या राहतात, खोटं बोलायला सांगितलं असेल तर नजर कुठे ठेवतात, हे मला कळायला हवं होतं आणि कळलंही. पण मी स्वतःला सांगितलं, पाड्यावरच्या मुली अंगानं लहानखुऱ्याच दिसतात, पोटभर मिळत नाही. हे खोटं नाही. अठरा वर्षांच्या मुली मी चौदाच्या दिसताना पाहिल्या आहेत. म्हणूनच ही सबब एवढी सोयीची आहे.

रात्री ती सासूबाईंच्या पलंगाजवळ चटईवर झोपली. सकाळी गॅसच्या लायटरला घाबरली. सासूबाईंना उचलायची ताकद तिच्यात नव्हती, तरी दात-ओठ खाऊन प्रयत्न करत होती. मला राग आला, तिचा नाही, पाठवणाऱ्याचा. तोवर माझा राग गिऱ्हाइकाचा होता. पैसे घेऊन काय पाठवलंय, एवढाच.

दुपारी सासूबाई झोपल्यावर मी मेथी निवडत बसले होते. मान वर केली तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. काही बोलत नव्हती. उजव्या हाताची करंगळी वर.

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही ही खूण समजावून सांगायला नको. बाथरूमला जाऊ का, असं मोठी बाई करंगळी दाखवून विचारत नाही. ही अजून वर्गाच्या दारात उभी होती. मी ‘जा’ म्हटलं. परत आल्यावर तिला जवळ बसवलं, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर नाव लिहायला सांगितलं. तिनं ठसठशीत अक्षरात स्वतःचं, वडिलांचं नाव आणि आडनाव लिहिलं. कितवीत होतीस विचारलं. ‘सातवीत, बाई.’ सकाळपासून मी ‘मॅडम’ होते, त्याक्षणी ‘बाई’ झाले. शाळा कधी सोडलीस? ‘सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी. नवी पुस्तकं मिळाली होती, कव्हरं घालायची राहिली.’

हळूहळू बाकीचं आलं. तिचं गाव, तालुका, काहीच इथे लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं, आणि कायदा नसता तरी मी लिहिलं नसतं. एवढंच सांगते की मुलगी दूरच्या राज्यातली नव्हती. शेजारच्या पाड्यावरची, आईच्या नात्यातली एक बाई जूनमध्ये घरी आली, जेव्हा बी-बियाण्याला आणि खताला पैसे लागतात. वडिलांना ५,००० रुपये दिले. ठाण्यात एका आजीजवळ बसायचं, संध्याकाळी शाळेत घालतील, असं सांगितलं. मुलगी तिला मावशी म्हणते. कुणी ओढून नेलं नाही, तोंड दाबलं नाही. डबा बांधून आईनं पाठवली. आपण मुलींना ‘अनोळखी माणसाबरोबर जाऊ नका’ शिकवतो. मीही शिकवलं, वर्षानुवर्षं. इथे सगळी माणसं ओळखीची होती.

आणि आमचं घर तिचं पहिलं नव्हतं. तिसरं होतं. पहिल्या घरातल्या काकू दहा दिवसांत म्हणाल्या, फार लहान दिसते, नको, आणि बदली मागितली. दुसऱ्या घरात दोन लहान मुलं होती, तिथे तीन आठवडे. तिथून ‘कामाला कच्ची’ म्हणून परत. मधल्या काळात एका खोलीत आणखी चार मुलींबरोबर ठेवलं होतं, तिथे रात्रभर गाड्यांचे आवाज येतात एवढंच तिला सांगता आलं. दोन महिन्यांत हातात एक रुपया नाही. वडिलांचा नंबर तोंडपाठ होता, पण फोन कुणी लावून दिला नव्हता. मी लावला, लागला नाही. पाड्यावर रेंज नसते.

माझ्या दृष्टीने त्या ब्यूरोची सगळ्यात घातक गोष्ट ही मोफत बदलीच आहे. आधीच्या दोन घरांतली माणसं वाईट नसणार. त्या पहिल्या काकूंना तर स्पष्ट दिसलं होतं की पोर लहान आहे. त्यांनी तिला ठेवून घेतलं नाही, आणि आपण बालमजूर ठेवला नाही म्हणून त्यांना बरंही वाटलं असेल. पण मुलगी घरी गेली नाही, पुढच्या घरात गेली. ज्याच्या ज्याच्या मनात शंका येते, त्याला ती शंका उतरवून ठेवायला ब्यूरोनं जागा करून दिली आहे: बदलून घ्या. हे मी वरच्या पायरीवरून बोलत नाही. त्या दुपारी फोन माझ्याही हातात होता, त्याच माणसाचा नंबर उघडलेला, ‘हिला घेऊन जा, मोठी बाई पाठव’ हे वाक्य ओठांवर होतं.

थांबवलं ते त्याच्या जिन्यातल्या शब्दानं. ॲडव्हान्स. तो शब्द मी दुसऱ्या नावांनी ओळखते. शहापूरला दसरा-दिवाळीनंतर माझ्या वर्गातल्या कातकरी मुलांचे बाक रिकामे व्हायचे. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मुकादमानं बयाणा दिलेला असायचा, कुणी त्याला उचल म्हणतं, आणि ती फेडायला अख्खं कुटुंब भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर. उन्हाळा संपता संपता परत. हजेरीपटावर मी गैरहजेरी लावत बसायची आणि पुढच्या जूनमध्ये त्यातली निम्मी मुलं वाचायचं विसरून आलेली असायची. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा यासाठीच आहे. उचल देऊन त्या बदल्यात माणसाचं जाणं-येणं, दुसरीकडे काम करणं बांधून टाकलं की ती वेठबिगारी, आणि त्या कर्जाची फेड कायद्यानंच रद्द होते. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटना १९८२ पासून याच प्रश्नावर लढते आहे. २०२२ मध्ये इगतपुरीच्या बाजूची कातकरी मुलं काही हजारांच्या आणि एकेका मेंढीच्या बदल्यात मेंढ्यांमागे राबताना सापडली, तेव्हा पेपरात वाचून शहरातली माणसं हळहळली. मीही. आणि तीच उचल माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आली, वर मला तिची हमी म्हणून जाहिरात केली गेली.

१०९८ ला फोन केला. हा नंबर फुकट, चोवीस तास चालतो, नाव सांगायची सक्ती नाही. मी सांगितलं. पलीकडच्या मुलीनं आधी एकच विचारलं, आत्ता मूल सुरक्षित आहे का, कुणी न्यायला येण्यासारखं आहे का. मग म्हणाली, ब्यूरोला काहीही कळवू नका, भांडू नका, त्यांनी दिलेले कागद जपून ठेवा, आणि मुलीला पुन्हा पुन्हा तेच विचारू नका. हे शेवटचं मला लागलं, कारण मी दुपारभर तेच करत होते. ब्यूरोला न कळवण्याचं कारण उघड आहे. एक फोन गेला असता तर खोलीतल्या उरलेल्या चार मुली तासाभरात हलवल्या गेल्या असत्या.

संध्याकाळी दोन कार्यकर्त्या आणि पोलिस आले. महिला पोलिस साध्या कपड्यांत होत्या, मुलगी घाबरू नये म्हणून. तोवर मी तिला वरण-भात, तूप, लिंबाचं लोणचं वाढलं होतं. तिनं दुसऱ्यांदा भात मागितला. जाताना सासूबाईंच्या पाया पडली. त्यांना काही कळलं नव्हतं, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. बालकल्याण समितीपुढे २४ तासांच्या आत हजर करावं लागतं, तसं दुसऱ्या दिवशी केलं. मला जबाब द्यायला बोलावलं. आमच्या ठाणे पोलिस आयुक्तालयात अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष आहे, हे मला तेव्हा कळलं. नवी मुंबईलाही आहे. त्या रात्री ते त्या खोलीपर्यंत पोचले. पुढचं मी लिहिणं योग्य नाही.

वयाचा मुद्दा आला तेव्हा मात्र मला माझ्या नोकरीचं सार्थक वाटलं. आधारवर १ जानेवारी असते तेव्हा बहुधा ती जन्मतारीख कागद न बघता अंदाजानं टाकलेली असते. वय ठरवताना आधी शाळेचा दाखला बघायचा, मग नगरपालिका-ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि दोन्ही नसेल तरच वैद्यकीय तपासणी, हा क्रम बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये आहे. सुप्रीम कोर्टानंही ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की वय ठरवायला आधार पुरेसं नाही. म्हणजे डोंगरातल्या दोनखोली शाळेचं जनरल रजिस्टर त्या गुळगुळीत कार्डापेक्षा वरचढ ठरतं. मी स्वतः अशी रजिस्टरं शाईनं लिहिली आहेत. रजिस्टरनुसार मुलगी १३ वर्षांची निघाली.

मुलगी जबाबात म्हणाली होती, मी माझ्या मनानं आले. तिला भीती होती की वडिलांना ५,००० परत द्यावे लागतील. कार्यकर्तीनं तिला समजावलं की तू हो म्हणालीस की नाही, याला कायद्यात महत्त्वच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये फसवून, आमिष दाखवून शोषणासाठी माणूस गोळा करणं, नेणं, ठेवून घेणं, स्वाधीन करून घेणं, सगळं येतं. मूल असेल तर किमान १० वर्षं, जन्मठेपेपर्यंत. १४ वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवणाऱ्यालाही वेगळी शिक्षा आहे, सहा महिने ते दोन वर्षं. आणि १८ च्या आतल्या कुणालाही कामासाठी अडकवून ठेवलं किंवा त्याची मजुरी अडवली, तर बाल न्याय कायद्याचं कलम ७९ लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद. हे मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा एक-दोघींनी ‘तुम्ही कशाला यात पडलात’ म्हटलं. एकीनं मात्र रात्री फोन केला. तिच्याकडची मुलगी सोळाची असावी असं तिला वाटत होतं आणि ती सात महिने ब्यूरोच्या खात्यात पैसे भरत होती. तिनं दुसऱ्या दिवशी १०९८ लावला. मला त्या फोनचा फार आनंद झाला.

आता दुसऱ्या सेवेबद्दल, कारण माणूस तर अजून लागतंच. कळव्याच्या बाजूला रुग्णसेवा करणाऱ्या बायकांनी मिळून चालवलेला एक गट आहे. माझ्या जुन्या सहकारी शिक्षिकेनं सांगितला. महिना २६,०००, म्हणजे ब्यूरोपेक्षा महाग. पगार थेट बाईच्या खात्यात जातो, गटाला बाईकडून ठरलेली छोटी वर्गणी मिळते. आठवड्याची एक सुट्टी सक्तीची. कमी आहे ती अशी की सुट्टीच्या दिवशी बदली बाई मिळेलच असं नाही, आणि फोन उचलायला उशीर करतात. त्या दिवशी मी आणि हे मिळून उठवतो, कंबरेला पट्टा बांधून. जमतं.

या वेळी मी आधी तासभर बाईंशीच एकट्या बसून बोलले, गटाची माणसं बाहेर. आधार कुणाजवळ आहे, फोन स्वतःचा आहे ना, घरच्यांना माझ्यासमोर लावून दाखवाल का, कुणी उचल दिली आहे का, आधीच्या घरातून का निघालात. चेहऱ्यावरून वय लहान वाटलं असतं तर शाळेचा दाखला मागितला असता. बाईंना हे प्रश्न आवडले, असं त्यांनी नंतर सांगितलं. ब्यूरोकडे गेले तेव्हा मी फक्त एवढंच विचारलं होतं की मुलीचं पोलिस व्हेरिफिकेशन झालं आहे ना. चोरी तर करणार नाही, ही माझी काळजी. तिच्याकडून कोण काय चोरतंय, हे मनातही आलं नव्हतं.

ब्यूरोची पाटी ऑगस्टअखेर उतरली. माझे नोंदणीचे ४,००० गेले, ते मी मागणार नाही. पावती जबाबाला जोडली आहे, तिच्यावर तारीख, सही आणि खाते क्रमांक आहे. छायाप्रत मी कपाटात ठेवली आहे, त्या कॅलेंडरच्या पानाबरोबर.